बाईसाहेबांची उग्नी

नाही हो भाऊ, पंप मागच्या अंगाला आहे, पण पंपाच्या खोलीची किल्ली स्वयंपाकीणबाईंकडे, आणि त्या गेल्यात बाजारात — टेका जरा. थांबा, तुमचं नंतर, आधी हे झुडूप बघा. उग्नी म्हणतात. पेरू-जांभळाच्या भावकीतलं, बारा महिने हिरवं, फळ मटाराएवढं, पण वास असा की मुंगीच्या आधी माणूस धावेल! आता माळी कोण? मी. आणि कात्री कुणाच्या हातात? बाईसाहेबांच्या! पुस्तक वाचून शिकल्यात ना — दर रविवारी हातमोजे घालून कचाकचा, झुडूप कसं चेंडूसारखं गोल हवं. अहो, ह्याला फूल येतं कोवळ्या शेंड्याला, आणि शेंडा दिसला की बाईंचा हात शिवशिवतो. बोललो मी एकदा. म्हणाल्या, "तू पाणी घाल." घातलं. सहा वर्षं घातलं. फळ? नावालाही नाही. आणि यंदा बागांच्या स्पर्धेत नाव देऊन मोकळ्या — फळांनी लगडलेली उग्नी म्हणे! उद्या परीक्षक येणार. वर मला दम, "फळ दिसलं नाही तर खोली रिकामी कर." करून सवरून नामानिराळ्या! आमच्या हिचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत हो, अजून धड वाकता येत नाही, तिला घेऊन जाऊ कुठे? घाबरलो, खोटं कशाला बोलू.

मग काय — आमच्या दाराशी ह्याचीच एक फांदी खोचली होती मी, तिला कुणी कात्री लावत नाही, त्यामुळे वाकलीय फळांनी. तीच तोडली. हिने अंथरुणात बसून एकशे चाळीस फळांना हिरवा दोरा बांधला, आणि पहाटे मी एकेक इथे लटकवलं. बाईंनी सकाळी पाहिलं, तर मलाच सांगतात, "बघ, छाटणीचा गुण!" हसू नका भाऊ, मीही मान डोलावली. परीक्षकांना तरी काय कळतंय डोंबल! येतील, चष्मा पुसतील, वा वा करतील — अहो, अहो, तोंडात काय टाकलंत? आणि ही वही कसली? पंपवाले कधीपासून वही घेऊन —

उद्या येणार होतात ना... साहेब?

बरं. बाईसाहेब आत आहेत. फळ अस्सल आहे, नीट चावून बघा. दोरा तेवढा थुंका, आणि मग बेल वाजवा.