साहेबाची यादी

तुमी सारे मले इचारता न, "एकटी परदेशात गेली, भेव नाई लागला का?" मंग आयका. नेपाळच्या एका दवाखान्यात तीन महिने बिनपगारी नर्सचं काम करायले जायचं होतं. जायच्या आधी संस्थेच्या साहेबानं चंद्रपूरले बोलावलं. माह्यासंगं माय होती, दरसाल जंगलात तेंदूपत्ता तोडणारी.

साहेब यादी वाचून राह्यला. अंधार पडल्यावर बाहेर निघू नका. कोणाशी हसून बोलू नका. लग्न झालं नसलं तरी गळ्यात मंगळसूत्र घाला.

मी म्हटलं, "अन् तिथच्या माणसायले काय सांगितलं?"

"त्यायले काय सांगणार, मॅडम? सांभाळून तं तुमालेच राहा लागते."

माह्या मस्तकात तिडीक गेली. पण माह्याआधी मायच बोलली, "साहेब, आमच्या गावात वाघ बायांच्या अंगावर धावला, तं फॉरेस्टवाले पिंजरा घेऊन आले."

साहेब खूश झाला. "तेच तं सांगून राह्यलो, बाई. सेफ्टी पाहिजे."

"हव. पण त्यायनं पिंजऱ्यात वाघाले कोंडलं. तुमी काऊन माह्या पोरीले कोंडून राह्यले?"