ज्याची बाग मी पाडली

आमी मूळचे रायगडचे, डोंगराच्या आतल्या अंगाचे, आणि आमचं गाव आता नाय, धरणाच्या पाण्याखाली हाय. लाईट तयार करायचं धरण ते, पायथ्याला पावरहाउस, त्याची तार आमच्या नव्या वस्तीच्या डोक्यावरनं गेली पण वस्तीत कितीतरी वर्षं रॉकेलची चिमणीच. बापूस सांगायचा, घर पाडायला आलेला मशीनवाला खाली उतरला पण नाय, तोंडाला फडकं बांधून वरच बसला. आय त्याला मरेस्तोवर शिव्या घालायची. आणि काय सांगू ताई तुम्हाला, मी शिकलो काय, तर डोझर.

इथं मस्कतला आलो, वादी कबीरला वर्कशॉपवाल्याकडं लागलो, बरं चाललं, पोरं शिकली. मंग अर्बाबनं, आमच्या शेठनं, रुस्ताककडं पाठवलं, तिथं वादीवर, म्हणजे नदीच्या पात्रावर, धरण बांधायचं होतं. वादी एरवी कोरडी, पण पाऊस आला की गाडी म्हणू नका, माणूस म्हणू नका, सगळं नेते, तेव्हा धरण पायजेच, त्याला मी नाय म्हणत नाय. बागवाल्यांना दुसरी जमीन पण दिलेली. पण जुनी खजुरीची बाग तशीच उभी होती, ती साफ करायचं माझ्यावर आलं.

सकाळी गेलो तर बागेचा मालक, म्हातारा माणूस, चटई टाकून बसलेला, पुढ्यात कहवा नि खजूर. मला वाटलं भांडणार. तो म्हणाला, उतर, आधी खा. उतरलो, मान खाली घालून खाल्लं. लांबून फोरमन यल्ला यल्ला, चल चल करतोय नि म्हातारा त्याला हातानंच थांब म्हणतोय. मला विचारलं, तुझं गाव कसं हाय. मी म्हणालो, चांगलं हाय, नदी हाय, आंबे हायत, घर हाय. खोटं. खरं बोललो असतो तर तो म्हणाला असता, आणि तरी तू हे काम करतोस. तो म्हणाला, नशीबवान हायस, जात जा घरी. मंग उठला, एका झाडावर हात ठेवला, म्हणाला हे माझ्या आयशीनं लावलेलं, हे पहिलं पाड, म्हणजे मी जातो.

पाडलं. तो बघून गेला. मी तोंडाला फडकं बांधलं नव्हतं, एवढंच.

आता धरण झालंय, गेल्या पुरात पाणी अडलं, खालची वस्ती वाचली, सगळे बरं बोलतात. परवा रुस्ताकच्या बाजारात तो दिसला, मी पटकन कापडाच्या दुकानात शिरलो. तो मागनं आला, हात धरला, पोरंबाळं कशी हायत विचारलं, नव्या जागेत रोपं लावलीत, जेवायला ये म्हणाला. मी इन्शाल्ला म्हणालो. जायचं नसलं की आपण तेच म्हणतो, आणि ते त्याला कळलं, तरी हात सोडला नाय. अल्ला त्याची रोपं जगवो, दुसरं मी काय मागणार.