लाल काठीची हद्द

सासऱ्यांना अमेरिकेत आणा, पण आमच्या बॅटन रूजला आणताना जरा विचार करा. आमचे नाना जमीन मोजणी खात्यातून रिटायर झालेले. आल्यावर तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "जावईबापू, शेजारी गवत कापताना हातभर आपल्या हद्दीत येतो."

म्हटलं, "नाना, इथे एवढं कोणी बघत नाही."

संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर दोन लॉनच्या मधोमध लालभडक रंगवलेली काठी रोवलेली! समोर शेजारचा पॉल उभा. मी घाईघाईने सॉरी म्हणायला लागलो, तर तो हसायलाच लागला.

"अरे, सॉरी कसलं? बॅटन रूज म्हणजे फ्रेंचमध्ये लाल काठी! पूर्वी इथे नदीकाठी दोन जमातींच्या हद्दीवर अशीच काठी उभी होती. ती बघून फ्रेंचांनी हे नाव ठेवलं."

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नानांना सगळं मराठीत सांगितलं. वाटलं, खूश होतील.

नानांनी काठीकडे बघितलं, मग पॉलकडे.

"म्हणजे गावाचं नावच हद्दीची खूण," ते म्हणाले, "आणि तरी हा हातभर आत?"