तिसऱ्या जागेवरचा रबराचा तुकडा

माझी सही खाली आहे. वय ५४ वर्षे, धंदा होड्यांची दुरुस्ती, नेमणूक कॉलेजच्या बोटघरात, राहणार बोटघरामागच्या दोन खोल्या. कॉलेजात लहानथोर सगळे मला रंधामावशी म्हणतात. घरी मी आणि माझा मुलगा, वय २०, असे दोघेच. तो त्याच कॉलेजात शिकतो व पुरुषांच्या रोइंग संघात आहे.

आज गुरुवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. मुलींच्या संघाविरुद्ध क्रीडाप्रमुखांनी जी तक्रार दिली आहे, तिच्याबद्दल मला ठाऊक आहे ते सगळे सांगायला आले आहे. दोन दिवस जे पोटात ठेवले तेही सांगणार आहे.

आमचे कॉलेज लहान आहे. पुरुषांची एक होडी, मुलींची एक. मुलींचा संघ तीन वर्षांपूर्वी सुरू झाला. येत्या रविवारी त्या पहिल्यांदाच मोठ्या शर्यतीत उतरणार होत्या. होडीला भोक पाडून ते लपवले, असे म्हणून क्रीडाप्रमुखांनी त्यांचे नाव शर्यतीतून काढले आहे.

हवालदारांनी विचारल्यावरून होडीची माहिती देते. चार जण वल्हवतात. ते चौघेही पुढे पाठ करून बसतात, त्यामुळे होडी कुठे चालली हे त्यांना दिसत नाही. पाचवे माणूस सुकाणू धरते आणि ते एकटेच पुढे बघते. मुलींच्या होडीत ही जागा मुंगीची. अंगाने मुंगी आणि आवाजाने भोंगा. तक्रारीत नाव तिचे आहे.

सोमवारी दुपारी चार ते साडेपाच मुली पाण्यावर होत्या. परत आल्यावर मुंगीने बोटघराच्या वहीत 'होडी ठीक' असे लिहून सही केली. होडी पुसून लाकडी घोडीवर पालथी ठेवताना मी तिथेच होते. तळ मी डोळ्यांनी पाहिला, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

पुरुषांचा सराव त्या दिवशी नव्हता. त्यांच्या होडीचे सुकाणू दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर सुटे पडले होते, म्हणून त्यांचा सुकाणूवाला घरी निघून गेला होता. बाकीचे चौघे बोटघरात उगाच घुटमळत होते. माझी दाढ ठणकत होती. सहा वाजता मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. बोटघर सातला बंद करायचे असते, ती किल्ली मी माझ्या मुलाच्या हातात दिली. किल्ली कोणाकडे होती, हे मंगळवारी मला कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

मंगळवारी सकाळी सहाला मी बोटघर उघडले. मुलींच्या होडीखाली पाणी साचले होते. तळाला पुढच्या बाजूला वीतभर चीर होती. चिरेत काळे कुजके लाकूड अडकले होते. जुन्या धक्क्याचा एक खांब पाण्याखाली बुडालेला आहे, ते त्याचे लाकूड. मुंगी त्या खांबाला वळसा घालते, हे मी तीन वर्षे काठावरून बघते आहे.

मी होडी उलटवून आत पाहिले. प्रत्येक जागेसमोर पाय टेकायची फळी असते. तिला ओळीने भोके असतात आणि ज्याचे पाय जेवढे लांब तेवढी ती सरकवून पक्की करतात. मुलींनी आपापल्या भोकाजवळ नखांच्या रंगाचे ठिपके दिले आहेत. लाल, जांभळा, हिरवा आणि एक चकचकीत. क्रीडाप्रमुख त्यावर हसले होते. त्या सकाळी एकही फळी आपल्या ठिपक्यावर नव्हती. तिसऱ्या जागेवरची तर पार शेवटच्या भोकात होती. इतके लांब पाय कॉलेजात एकाचेच आहेत.

त्याच फळीवर डाव्या टाचेच्या जागी निळ्या रबराचा तुकडा होता. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडला, तेव्हापासून त्याचा डावा पाय बोटभर आखूड आहे. वल्हवताना टाच अधांतरी राहू नये म्हणून तिच्याखाली रबर लागते. ते माझ्या जुन्या चपलेचे आहे. मीच कापून दिले आहे.

तो तुकडा मी कामाच्या कोटाच्या खिशात टाकला. चारही फळ्या ठिपक्यांवर परत आणल्या. मग क्रीडाप्रमुखांना बोलावले. ते म्हणाले, "मुलींच्या हातात होडी दिली की हेच होणार." मी मूग गिळून बसले. ही माझी चूक आहे, ती जशीच्या तशी लिहावी.

बुधवारी दुपारी मुंगी माझ्याकडे आली. मला वाटले, भांडायला आली असेल. भांडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "मावशी, सोमवारी आम्ही खांबाजवळून गेलो होतो. मला वाटलं, लांबून गेलो. पण बघायला मी एकटीच असते ना? मलाच दिसलं नसेल. मी संघ सोडते, सरांना सांगा, बाकीच्यांना तरी उतरू द्या." तिचा तो भोंग्यासारखा आवाज मला नीट ऐकूही येत नव्हता. मला माझी लाज वाटली.

संध्याकाळी जेवताना मी रबराचा तुकडा माझ्या मुलाच्या ताटाशेजारी ठेवला. आमचे बोलणे झाले ते असे.

"मुलींची होडी घेऊन चौघे कुठपर्यंत गेला होतात?"

"पुलापर्यंत. दहाच मिनिटं, आई. नुसती गंमत म्हणून."

"पुढे कोण बघत होतं?"

त्याने तो तुकडा ताटामागे सरकवला. मग म्हणाला, "प्रत्येकाला वाटलं, दुसरा मान वळवून बघतोय."

चार घोडे, आणि एकालाही मान नाही! हे मी त्याला तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, "रविवार होऊ दे. शर्यत झाली की मी स्वतः जाऊन सांगतो. आत्ता सांगितलं तर आम्हा चौघांना काढतील."

मी म्हणाले, "आणि मुंगी रविवारी काठावर बसून टाळ्या वाजवेल?"

त्यावर तो म्हणाला, "तू माझी आई आहेस ना?"

मी म्हणाले, "आहे. म्हणूनच तुला सांगून जाते आहे. उद्या अकरा वाजता." जेवण दोघांचेही तसेच राहिले.

विचारल्यावरून सांगते की, तो शर्यतीसाठी पहाटे उठून किती वर्षे मेहनत करतो आहे हे मला माहीत आहे. त्याला उठवते मीच. त्याचे नाव संघातून गेले तर काय होईल, असे हवालदारांनी विचारले. त्याचे उत्तर मला द्यायचे नाही.

मुंगीने वहीत लिहिले ते खरे होते. तिच्याकडून काहीही चुकलेले नाही. हे कॉलेजला आजच्या आज कळवावे, म्हणजे मुलींचे नाव शर्यतीत परत घालता येईल. होडी शनिवारी दुपारी पाण्यात उतरेल, ती जबाबदारी माझी. चीर बुजवायला आजच बसणार आहे. घासायला चार धडधाकट माणसे आहेत, त्यांना मी घरी जाऊ देणार नाही.

रबराचा तुकडा मी हजर केला आहे. माझा मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. मी त्याला आणलेले नाही. मी बसमध्ये चढले, तर तो मागच्या दाराने चढला. त्याचे जे आहे ते तो स्वतः सांगेल.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी त्यांनी 'माझा मुलगा' ऐवजी 'एक विद्यार्थी' असे लिहिले होते. माझ्या भल्यासाठीच लिहिले, हे मला कळते. दोन्ही ठिकाणी ते खोडून, मी सांगितले होते तसे 'माझा मुलगा' लिहून घेतले आणि बाजूला सही केली. आता बरोबर आहे.