तोंड फिरवायचं दृश्य

सेनी : नाही. दहा वेळा कॅमेरा लावलास तरी मी तोंड फिरवणार नाही.

ब्रॉनी : सेनी, एका क्षणाचं तर काम आहे. पेनी पुढे होतात, त्यांची कातडी खरखरीत म्हणून तुम्ही गाल बाजूला घेता. मग ते क्रीम लावतात आणि तुम्ही जवळ जाता. झाली जाहिरात.

सेनी : आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. हे एकदाही घडलेलं नाही.

पेनी : अगं, खोटं खोटं तर करायचंय.

सेनी : खोटंच हवं होतं तर नटी आणायची. खरी बायको का बोलावली, ते विचार की तिला.

ब्रॉनी : सांगते ना, लपवायचं काय त्यात? पुरुषाला क्रीम घ्यायची लाज वाटते. म्हणून डबी काळी, नाव 'चिलखत'. 'लावा' म्हणायचं नाही, 'चढवा' म्हणायचं. आणि चढवणारा असा हवा, की त्याला हसायची कुणाची छाती होणार नाही. रग्बी खेळताना पेनींचं नाक तीनदा मोडलंय, सगळ्या ऑकलंडनं बघितलंय. त्यांनी लावलं की मांगेरे उपनगरातला ट्रक ड्रायव्हरही लावेल.

सेनी : इथवर ठीक. त्यात माझं काय काम?

ब्रॉनी : लाज गेली म्हणून कुणी दुकानात जात नाही. धास्ती लागते. तुम्हाला लोकांनी मैदानावर पाहिलंय, चर्चमध्ये पाहिलंय. तुम्ही तोंड फिरवलंत, की बघणारा शेजारी बसलेल्या स्वतःच्या बायकोकडे बघणार.

सेनी : म्हणजे आधी काटा रुतवायचा, मग चिमटा विकायचा.

ब्रॉनी : काटा असतोच हो. आम्ही फक्त बोट ठेवतो.

पेनी : सेनी, खेळ सुटल्यापासून मला कुणी बोलावलं नव्हतं. हे पहिलंच.

सेनी : माहितीये. सकाळी शर्टाला इस्त्री मीच केली.

पेनी : मग आता का अडून बसलीस?

सेनी : तुझा जबडा मोडला होता तेव्हाचं आठवतं? तोंडाला तारा बांधून घरी आलास. मी तारोचा कंद उकडून, कुस्करून, पातळ करून नळीनं पाजायची. आणि आपली मेलिनी तुला बघून आजीच्या मागे लपायची.

पेनी : लहान होती ती.

सेनी : आता मोठी आहे. टीव्हीवर ती काय बघणार? की आईसुद्धा लपायची?

पेनी : जाहिरात आहे हे कळतं तिला.

सेनी : तुला कळतं का? यांचा जाहिरातीचा कागद वाचल्यापासून रोज आरशापुढे उभा राहून गाल दाबून बघतोयस. जाहिरात अजून लागली पण नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक आमच्याच घरात.

ब्रॉनी : खरंच बघता, पेनी?

पेनी : बघतो.

ब्रॉनी : बरं. थांबा जरा. तोंड फिरवायचं काढून टाकू. पेनी क्रीम लावतात, सेनी बघून हसतात, एवढंच ठेवू. मी क्रीमच्या मालकांशी बोलून येते.

(ती बाहेर जाते. थोड्या वेळानं ती परत येते.)

ब्रॉनी : नाही म्हणाले. हसण्यानं डबी खपत नाही म्हणे. तोंड फिरवलं तर ठीक, नाहीतर दुपारी दुसरं जोडपं येईल. मी भांडून पाहिलं. पेनी, तुम्हीच काय ते सांगा.

पेनी : त्या जोडप्यालाच बोलाव.

ब्रॉनी : घाई करू नका. शहरभर फलक लागणार होते तुमचे.

पेनी : घाई नाही. एक सांग, दुपारची बाई नटी असेल ना?

ब्रॉनी : बहुतेक.

पेनी : बघून घे. कुणाची खरी बायको असेल, तर तिला आधी नीट विचार.

ब्रॉनी : विचारीन.

पेनी : चल, सेनी. पोरांच्या सरावाला पोचू अजून.

सेनी : चल.

पेनी : रागावलीस? तुला न विचारता मी हो म्हणून बसलो होतो.

सेनी : रागावलेय. ते गाडीत बोलू. आधी इकडे बघ, हनुवटीखाली त्यांची पावडर राहिलीय. हलू नकोस.