तिजोरी माझी, आकडा त्यांच्याकडे

...आणि वर फोनवरची ती पोरगी मला म्हणते, "सर, जरा शांत व्हा." अहो, शांत कसला होऊ? गुरुवारची दुपार, मी तळघरात जिन्याच्या पायरीवर बसलोय, समोर चार माणसांनी घामाघूम होऊन उतरवलेली बंदुकांची तिजोरी, आणि ती मला, या ऑर्विल हॉगेनला, उघडत नाही! शनिवारी तळ्याकाठी सगळे जमणार, मेहुणा ड्वेन, मुलगी जोलीन, पाद्री, चर्चच्या बायका बटाट्याचे ट्रे घेऊन... आणि जिच्यासाठी जमणार ती आत. मार्लिस. माझी बायको. म्हणजे तिची राख, निळ्या बरणीत, शनिवारी तळ्यात सोडायची.

तुम्ही म्हणाल, बायकोची राख बंदुकांच्या तिजोरीत कशाला? मग कुठे ठेवू, टीव्हीवर? अंत्यविधीच्या दिवशी घरात ही गर्दी, जो येतो तो बरणी उचलून बघतो, ड्वेनने तर तिच्यावर टोपी ठेवली! तिजोरी कशी, घर दीड तास जळलं तरी आतल्या कागदाला धग लागायची नाही. ठेवली तिला दोन रायफलींच्या मधे. कुलुपाचा जुना आकडा ड्वेनला ठाऊक, म्हणून उभ्या उभ्या तो बदलला. कुणालाही सुचणार नाही असा ठेवला.

आता मलाही सुचत नाही.

तिचा वाढदिवस घालून झाला, लग्नाची तारीख झाली, तीही जोलीनला विचारून, कुत्रा आणला ती तारीख झाली. पाच चुका झाल्या की ही बया टूं टूं करून वीस मिनिटं रुसते. वीस मिनिटांचं काही नाही हो, मार्लिस दोन दोन दिवस रुसायची. पण शेवटी बोलायची तरी.

राहिली तिजोरी बनवणारी कंपनी. आणि इथंच माझ्या डोक्यात जातं! चार वर्षांपूर्वी बोभाटा झाला की विकलेल्या प्रत्येक तिजोरीचा एक जादा आकडा कंपनी स्वतःजवळ ठेवून घेते. तुम्ही तुमचा शंभर वेळा बदला, त्यांचा चालतोच. म्हणजे बघा, तिजोरी माझी, बंदुका माझ्या, आकडा त्यांच्याकडे! तुम्हाला सांगतो, शिकारीच्या क्लबात मी यावर अर्धा तास बोललो. ड्वेन म्हणतो, झोप छान झाली. आकडा मिटवण्याचा फॉर्म असतो, तो मागवला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद फाटेल अशी सही ठोकली, आणि दिला मार्लिसला टपालात टाकायला. मिटलं. मग काय, मॉन्टानाभर सांगत सुटलो, या तिजोरीतलं काही हलवायचं तर ऑर्विलशी गाठ आहे!

आणि आता त्याच कंपनीला फोन करून विचारायचं की बाई गं, मी मिटवायला लावलेला आकडा चुकूनमाकून उरलाय का... चाळीस मिनिटं फोन धरून त्यांची बासरी ऐकली हो मी. मग ही केंड्रा. आवाजावरून वय असेल बावीस. म्हणते, दारावरचा नंबर वाचा. तो कुठे, तर तळाशी! या गुडघ्यांनिशी पालथा पडलो, वाचला. टकटक, टकटक... "सर, ही तिजोरी तुमच्या नावावर नाही. मार्लिस हॉगेन यांच्या नावावर आहे."

बरोबर आहे. माझ्या साठाव्या वाढदिवसाला तिनंच घेतली, नोंदणीचं कार्ड तिनंच भरलं. मी बंदुका मांडण्यात गुंग! घ्या आता. बंदुका माझ्या, आकडा त्यांच्याकडे... आणि तिजोरीसुद्धा माझी नाही!

"मालकीणबाईंना फोन देता का?"

"ती आत आहे."

"घरात?"

"तिजोरीत."

पलीकडे टकटक बंद. आणखी क्षणभर मी गप्प बसलो असतो तर शेरीफच दारात आला असता! घाईघाईने सांगितलं सगळं, कर्करोग, मार्च महिना, निळी बरणी, शनिवार. जोलीनने ऑफिसातून मृत्यूचा दाखला पाठवला. पोरगी हळूच म्हणाली, सॉरी. मग म्हणाली, तुमचा तो फॉर्म आलाय इथे, पण सही मालकीणबाईंची हवी होती. त्यांनी केली नाही, सोबत चिठ्ठी जोडलीय. वाचू का?

वाच म्हटलं.

"नवरा रागावलाय, रागावू द्या. आकडा मिटवू नका. आज ना उद्या तो विसरेल आणि तुम्हाला फोन करेल. 'प्लीज' म्हणाला तर द्या."

चार वर्षं! चार वर्षं माझ्या समोर बसून जेवली, मी क्लबातलं भाषण पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायचो, आणि ती आपली, "हो ऑर्विल, बरोबर आहे ऑर्विल, मटार घे."

पोरगी वाट बघत होती. आता तुम्हीच सांगा, काय करणार होतो?

म्हणालो. प्लीज.

सहा आकडे. खट्. दार उघडलं, दोन रायफलींच्या मधे बरणी होती तशी.

चार वर्षं छाती फुगवून सांगत होतो, इथलं काही हलवायचं तर माझ्याशी गाठ आहे... आणि बाई आत बसून दार उघडून मोकळी. मी आपला बटणं दाबायला.