गालावरचा बिबा

(अमरावती. कापसाला सोन्याचा भाव आलेल्या दिवसांतली माघातली दुपार. जानरावच्या ओसरीवर त्याची बायको मनकर्णा आणि गावातच दिलेली त्याची थोरली बहीण गोदाबाई. आतल्या खोलीत जानरावची चौदा वर्षांची लेक, शकुन.)

गोदाबाई : ते पदराखाली काय झाकलं वं, मनकर्णे? मी आल्याबरोबर लपवलं.

मनकर्णा : काई नाई, बाई. औषध हाये. शकुनच्या तोंडासाठी. उद्या अकोल्याहून याही, शकुनचे सासरे, येऊन राहिले ना.

गोदाबाई : येऊ दे की. लेकीले न्यायले येतात, कापूस जोखाले नाई.

मनकर्णा : न्यायले नाई, पाहाले येतात. पौषात त्याईच्या घरची बाई येऊन गेली हळदीकुंकवाच्या निमितानं. शकुनचं तोंड पाह्यलं अन् तथी जाऊन सांगतलं, देवी निघाल्यावानी दिसते, नाईतर तो दुसरा रोग, ज्याचं नाव घेऊ नाई. आता याह्याचा निरोप आला, पोरगी उजेडात पाहू, मंग ठरवू. लग्न लागलं तवा हिचे दुधाचे दात पडत होते, बाई. अन् ठरवणार आता.

गोदाबाई : कापसानं याह्याचाच भाव वाढला म्हण ना. मुंबईचे दलाल त्याईच्या ओसरीवर पान खातात म्हणे. मोठ्या घरची दुसरी सून आणायले निमित पायजे त्याईले.

मनकर्णा : म्हणूनच निमित देऊ नाई. उद्यापर्यंत पुटकुळ्या गेल्या पायजेत.

गोदाबाई : आतापावतर काय काय लावलं?

मनकर्णा : दिवाळीपासून लावूनच राहिली मी. आधी लिंबाचा पाला. मंग शेजारणीनं जायफळ सांगतलं. मंग हळद अन् साय. मंग चुना. फुलवालीनं पारव्याची विष्ठा सांगतली...

गोदाबाई : थेही लावली?

मनकर्णा : लावली. दिवसभर जेवली नाई पोरगी.

गोदाबाई : अन् एकेक औषध किती दिवस चाललं?

मनकर्णा : गुण नाई दिसला की दुसरं. आग मात्र सगळ्याईनंच होते.

गोदाबाई : काल कीर्तनात बुवा सांगत होते, एक बाई रोज नव्या देवाच्या दारी जाये, हाक मारे, अन् देव उठून येईपावतर पुढच्या दारी गेलेली असे. सारे हसले. मले तूच आठवली, मी नाई हसली. दाखव बरं पदराखालचं.

मनकर्णा : बाजारातल्या वैदूनं देलं. वरची कातडी जाईल म्हणे, अन् खालून नवी, कवळी येईल.

गोदाबाई : हा तर बिबा हाये, मनकर्णे. बिब्याचं तेल. टाचेच्या भेगेत भरायचं औषध तू पोरीच्या गालाले लावशील?

मनकर्णा : वैदू खोटं कायले सांगेल?

गोदाबाई : नवी कातडी येते. जानरावच्या गालावर आली तशी येते.

मनकर्णा : त्याईच्या गालावर तर देवीचे वण हायेत.

गोदाबाई : आमच्या घरी देवी कधीच नाई आली.

मनकर्णा : काय बोलून राहिल्या, बाई? खुद्द त्याईनंच सांगतलं मले.

गोदाबाई : आम्ही सगळ्याईनंच तसं सांगतलं. तवा जानराव आताच्या शकुनपेक्षा थोडा मोठा असेल. मिसरूड फुटत होतं, अन् तोंडभर ह्याच पुटकुळ्या. आवाज मात्र असा की बुवा त्याले मागं टाळ घेऊन उभा करत. सप्ताह आला. मायले वाटलं, साऱ्या गावापुढं पोरगं असं तोंड घेऊन उभं राहील. तिनं मायेनंच बिबा लावला. सकाळी डोळा उघडेना, गालाले पाणी सुटलं. लोकाईले काय सांगावं? मंग दाराले लिंबाचे डहाळे बांधले अन् देवी आली म्हणलं. तवापासून त्यानं टाळ धरला नाई.

मनकर्णा : कीर्तनात खांबामागं बसतात ते... मले वाटे, पाठीले टेका लागते म्हणून.

गोदाबाई : तोंडावर समईचा उजेड नाई पडत तथी.

शकुन : आत्या.

गोदाबाई : ये, बाहेर ये. पदर काहून ओढला एवढा?

शकुन : मी सकाळीच लावला थो बिबा. माय पाण्याले गेली तवा. थोडासाच. कानाजवळ.

मनकर्णा : माय वं, हे काय केलं तू...

गोदाबाई : ओरडू नको तिच्यावर. पाहू. फोड आलाच हाये. डोळ्याजवळ हात नेला होता?

शकुन : नाई. रात्री गालावर लावायचं म्हणून आधी केसात झाकेल अशी जागा पाह्यली. आता जळून राहिलं.

गोदाबाई : आमच्या दोघीईपेक्षा तुले अक्कल जास्त. चोळू नको. मनकर्णे, तीळ वाट अन् लोण्यात कालव. तो बिबा चुलीत नको टाकू, धूरही बाधते. परसात खड्डा करून पूर.

मनकर्णा : मंग तोंडाले लावू तरी काय?

गोदाबाई : हा फोड बसेपावतर काईच नाई. मंग काटेसावरीचा काटा दुधात उगाळून लाव, अन् तो एकच धर. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, नखानं फोडायचं नाई. डोक्यावर तेल थापते ते कपाळावर उतरते, ते कमी कर. अन् कुंकू मेण न लावता कोरडंच लाव.

शकुन : जातील, आत्या?

गोदाबाई : जातील. पण उद्या नाई जात. दोन-चार उरतील बी कदाचित.

मनकर्णा : अन् उद्या?

गोदाबाई : उद्या मी येते. उजेडात बसव तिले, तोंड उघडं ठेवून. ह्या वयात येतात तशा पुटकुळ्या हायेत म्हणू, अन् हा फोड बिब्याचा हाये. देवीचं नाव आता कोनी घ्यायचं नाई.

मनकर्णा : त्याईनं नाई नेलं तर?

गोदाबाई : तर लय दुःख होईल. थे होणार नाई असं मी सांगत नाई. पण पोरीचं तोंड पोरीजवळ राहील.

शकुन : माय, घुंगरू वाजून राहिले. खामगावाहून कापूस विकून बाबाची गाडी आली.

गोदाबाई : जा, बाबाले दाखव. इथी त्याच्याएवढं कोनाले नाई समजत.

मनकर्णा : थांब वं शकुन, मीबी येते. देवीचे वण म्हणून मी त्याईच्या गालाले आजवर हात नाई लावला, बाई.